भजनातील युद्ध कोणाशी?

(वर्धा जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१६ ऑगस्ट १९४२ हा नागपंचमीचा दिवस होता. वर्धा जिल्ह्यातील आष्टी या गावी तिरंगा घेऊन निघालेला जमाव पोलीस ठाण्यापाशी पोचला. पोलिसांनी गोळ्या झाडल्या, गावकरी पडले. त्यानंतर खवळलेल्या जमावाने ठाण्यावर चाल केली आणि पोलीसही मारले गेले. त्याच दिवशी तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातील चिमूर येथे उठाव झाला आणि तेथेही दोन्ही बाजूंची माणसे मेली. ज्या जिल्ह्यात सेवाग्राम आहे, ज्या वर्ध्यात १४ जुलै १९४२ रोजी काँग्रेस कार्यकारिणीने ब्रिटिशांना 'चालते व्हा' म्हणणारा ठराव केला, त्याच जिल्ह्यातील ही घटना आहे. आष्टीच्या हुतात्म्यांना दरवर्षी वंदन होते, ते योग्यच आहे. परंतु त्या दिवसाच्या मागे असलेल्या एका गीताचा अर्थ लावण्याचे काम मात्र बहुधा टाळले जाते.

वर्धा नदीच्या पलीकडे, अमरावती जिल्ह्यातील यावली येथे १९०९ साली जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये मोझरी येथे गुरुकुंज आश्रम स्थापन केला. १९३६ मध्ये गांधीजींच्या निमंत्रणावरून ते सेवाग्रामला राहून आले. हातात खंजिरी, समोर शेतकरी आणि शेतमजूर, आणि पदे कधी मराठीत तर कधी हिंदीत, असा त्यांचा संचार होता. बेचाळीसच्या काळात त्यांचे एक हिंदी भजन विदर्भात खेडोपाडी गाजले. रानातल्या साध्यासुध्या वस्तू लढाईची साधने होतील आणि भजनाला बसलेली माणसेच सैन्य म्हणून उभी राहतील, अशी त्यातील कल्पना आहे. आष्टी, चिमूर, यावली, बेनोडा या गावांच्या उठावांशी या भजनांचे नाव कायमचे जोडले गेले. २८ ऑगस्ट १९४२ रोजी महाराजांना चंद्रपूर येथे अटक झाली आणि डिसेंबरपर्यंत नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत त्यांना ठेवण्यात आले.

या गीताचा अर्थ काय? आजवर त्याची तीन उत्तरे दिली गेली आहेत.

पहिले उत्तर सरकारचे. कवीला तुरुंगात टाकून सरकारने आपला अर्थ जाहीर केला: हे गीत म्हणजे चिथावणी. या वाचनात श्रोत्याला बुद्धी नसते. खंजिरी वाजली की तो उठतो आणि दगड उचलतो. ज्या शेतकऱ्याने महायुद्धाच्या काळातील महागाई, सक्तीची वर्गणी आणि पुढाऱ्यांची धरपकड स्वतः पाहिली, त्याला रागवायला भजन लागत होते, असे समजणे हा सत्ताधाऱ्यांचा जुना भ्रम आहे. तो केवळ ब्रिटिशांपुरता मर्यादित नाही, हेही विसरून चालणार नाही.

दुसरे उत्तर भाविकांचे. त्यांच्या मते भजनातले युद्ध अंतरीचे आहे: काम, क्रोध, लोभ हे शत्रू आणि नामस्मरण हे शस्त्र. या वाचनाला मराठी परंपरेचा भक्कम आधार आहे. तुकोबांच्या गाथेत पाइकाचे अभंग आहेत. पाईक म्हणजे पायदळातला शिपाई. मोगलाई आणि आदिलशाहीच्या धामधुमीत ज्या शिपाईगिरीवर मावळातली घरे चालत, तिचेच शब्द घेऊन तुकोबांनी भक्ताचे शौर्य सांगितले. गांधीजींनी गीतेचे कुरुक्षेत्र माणसाच्या हृदयात पाहिले. सेवाग्रामच्या सायंप्रार्थनेत गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील स्थितप्रज्ञाचे श्लोक म्हटले जात, आणि ती गीता तर रणांगणावर सांगितलेली. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात याच ग्रंथावर प्रवचने केली, साने गुरुजींनी ती लिहून घेतली. पुढे १७ ऑक्टोबर १९४० रोजी युद्धविरोधी वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून पवनारहून उभे राहिले ते हेच विनोबा. युद्धाच्या ग्रंथावर पोसलेला मनुष्य युद्धाला नकार देऊ शकतो, याचा याहून चांगला पुरावा मिळणार नाही.

तरीही बेचाळीसच्या भजनाला हे उत्तर पुरे पडत नाही. ते गीत ऐकणाऱ्यांच्या समोर केवळ काम आणि क्रोध उभे नव्हते. समोर बंदूकधारी ठाणे होते. सगळेच रूपक होते असे म्हटले, की कवीचा तुरुंगवास निरर्थक ठरतो आणि आष्टीत छातीवर गोळी घेणारा माणूस काही गैरसमज होऊन मेला असे ठरते. भक्तीच्या नावाने गीताचा काटा काढून टाकणे हा त्या माणसांवर अन्याय आहे.

तिसरे उत्तर अभिमानाचे. स्मृतिदिनाच्या भाषणांत ते ऐकू येते. गीत गाजले, गाव पेटले, शत्रू मेला, जय झाला. या कथेत ठाण्यातले शिपाई माणसे म्हणून येतच नाहीत. पगारासाठी गणवेश चढविलेल्या त्या शिपायांच्या मागेही घरे होती. त्यांच्या हातून गोळीबार झाला हे जितके खरे, तितकेच हेही खरे. समाजवाद्याने हुतात्म्यांचा मान राखावा आणि हा दुसरा हिशोबही मांडावा. तो मांडल्याने आष्टीचे मोल कमी होत नाही.

मग गीत वाचायचे कसे? श्रद्धेचे आणि युद्धाचे शब्द एकत्र आले की तीन प्रश्न विचारावेत. गीतातला शत्रू कोण आहे? शस्त्र कोणाच्या हाती दिले आहे? आणि किंमत कोण मोजणार आहे?

बेचाळीसच्या भजनाला हे प्रश्न विचारून पाहावे. त्यातील शत्रू परकी सत्ता आहे. शेजारची वस्ती, दुसरी जात किंवा दुसरा धर्म नाही. शस्त्रे म्हणून ज्या वस्तू त्यात येतात, त्या सावकाराच्या किंवा मालगुजाराच्या मालकीच्या नाहीत. त्या ज्याच्याजवळ काहीच नाही त्याच्याही हाताला लागतात. सैन्य आहे ते राजाने पोसलेले नाही. भजनाला जो बसेल तो त्यात भरती होतो, आणि महाराजांच्या भजनाला बसताना जात विचारली जात नसे. किंमत मोजणारा गाणाराच आहे. कवी तुरुंगात गेला, श्रोत्यांनी गोळ्या खाल्ल्या आणि पुढे फाशीच्या शिक्षाही ऐकल्या. दुसऱ्याला मरायला पाठवून घरी बसणाऱ्याचे हे गीत नव्हते. निःशस्त्र माणसाला आपण निर्बळ नाही असे सांगणे, हा त्याचा गाभा आहे.

परंतु गीताची मर्यादाही येथेच दिसते. गीत माणसाला उभे करते. कोठे थांबावे हे त्याला सांगता येत नाही. ते काम संघटनेचे असते. ९ ऑगस्टच्या पहाटे गांधीजींसह नेते पकडले गेले. मागे उरलेल्या गावकऱ्यांजवळ चेतना होती, पण शिस्त शिकविणारी माणसे नव्हती. गोळीबारानंतर ठाण्यासमोर जे घडले, त्याचा दोष गीताच्या माथी मारणे चूक आहे आणि गीताचा त्याच्याशी काहीच संबंध नाही म्हणणे हीही पळवाट आहे. ज्या शब्दांनी लोक निर्भय होतात, त्याच शब्दांनी ते बेभानही होऊ शकतात. गीत रचणाऱ्यावर आणि त्याहून अधिक ते गाऊन लोक जमविणाऱ्यावर ही जबाबदारी राहते.

या जिल्ह्याने त्याचे उत्तरही कृतीने दिले आहे. चिमूरला पोलीस आणि लष्कराने स्त्रियांवर केलेल्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्राम आश्रमातील प्राध्यापक भन्साळी यांनी नोव्हेंबर १९४२ मध्ये उपोषण आरंभिले. ते त्रेसष्ट दिवस चालले आणि १२ जानेवारी १९४३ रोजी सुटले. आष्टी-चिमूरच्या कैद्यांना फाशीपासून वाचविण्यासाठी अनसूयाबाई काळे यांनी जिवाचे रान केले; गांधीजींनीही त्यासाठी शब्द टाकला, आणि अनेकांच्या फाशीच्या शिक्षा पुढे जन्मठेपेत बदलल्या गेल्या. हिंसा मान्य नसतानाही त्या माणसांना वाऱ्यावर न सोडणे, हा त्या पिढीचा विवेक होता.

गीताचा अर्थ काळाबरोबर बदलतो, हेही ध्यानात घ्यावे. १९६२ आणि १९६५ च्या युद्धांत तुकडोजी महाराज सीमेवर जाऊन जवानांसमोर गायिले. बेचाळीसमध्ये खंजिरी सत्तेच्या विरुद्ध वाजली होती, या वेळी ती राष्ट्राच्या सैन्यासाठी वाजली. दोन्ही प्रसंगी कवीची निष्ठा प्रामाणिक होती. पण ऐकणाऱ्याने दोन्हींतील अंतर ओळखले पाहिजे. सत्तेविरुद्ध गाणाऱ्याला तुरुंग मिळतो, सत्तेबरोबर गाणाऱ्याला व्यासपीठ मिळते, आणि व्यासपीठावर तिसरा प्रश्न अधिक कठोरपणे विचारावा लागतो. याच कवीने सर्व देशांत एकच ईश्वर पाहणारी भजने लिहिली आणि एकेचाळीस अध्यायांच्या 'ग्रामगीते'त युद्धाऐवजी गावाची सफाई, शिक्षण, श्रम आणि एकोपा यांना धर्माचे स्थान दिले. त्याच्या एकाच पदावरून त्याला ओळखू पाहणे हा त्याच्यावर अन्याय होईल.

असा अनुभव इतर देशांनाही आहे. अमेरिकेत गुलामगिरीच्या प्रश्नावर यादवी युद्ध पेटले असता ज्यूलिया वॉर्ड हाउ यांनी १८६१ साली एक रणस्तोत्र लिहिले. गुलामगिरीविरुद्ध शस्त्र उचलून फासावर गेलेल्या जॉन ब्राउनच्या नावाने सैनिक जे गीत गात, त्याच्या चालीवर ते रचलेले होते. ईश्वर स्वतःच सैन्याबरोबर चालतो आहे, अशी त्यात श्रद्धा आहे. त्याच बाईंनी १८७० साली जगातील स्त्रियांना युद्धाविरुद्ध एकत्र येण्याची हाक दिली. पुढे १९१५ मध्ये राल्फ चॅप्लिन यांनी तीच चाल घेऊन कामगारांच्या एकजुटीचे गीत लिहिले. चाल एक, पण लढाई प्रत्येक वेळी वेगळी. ती कोणासाठी गायिली गेली, यावर तिचा अर्थ ठरला.

हा विषय केवळ इतिहासाचा नाही. अलीकडच्या वर्षांत देवाच्या मिरवणुकीत मोठमोठे ध्वनिवर्धक लावून दुसऱ्याच्या प्रार्थनास्थळासमोर युद्धाची गाणी वाजविली जाताना देशाने पाहिली आहेत. शब्द तेच असतात: धर्म, शौर्य, बलिदान. तीन प्रश्न विचारले की फरक उघडा पडतो. शत्रू शेजारी असतो. शस्त्र बेकार तरुणाच्या हाती दिलेले असते. किंमत मोजतो तोच तरुण आणि समोरचा हातगाडीवाला. गाणे विकत घेऊन वाजविणारा मात्र सुरक्षित असतो. बेचाळीसच्या भजनाची परंपरा सांगत कोणी असे गाणे वाजवू लागला, तर त्याला ती परंपरा समजावून सांगण्याइतका कार्यकर्त्याचा अभ्यास हवा.

अर्थात हा कस आपपरभाव न ठेवता लावला पाहिजे. पुरोगामी चळवळीच्या समरगीतांतही रक्त, मशाली आणि रण यांची रेलचेल असते. मोर्चात ती गाताना समोर कोण उभे आहे, आणि गाणारा स्वतः काय पणाला लावतो आहे, हे प्रत्येक वेळी तपासले जाते काय? गीत म्हणून झाल्यावर कार्यकर्ता सभेच्या खुर्च्या आवरून घरी जातो, की ज्या शेतमजुरासाठी गायिले त्याच्या मजुरीच्या भांडणात उभा राहतो?

गावात आजही भजनी मंडळे आहेत, सामुदायिक प्रार्थना होतात, खंजिरी वाजते. तेथे जाऊन पांढरपेशा तुच्छतेने हसणारा कार्यकर्ता काही मिळवीत नाही. त्याने बसावे, ऐकावे, जमल्यास गावे. आणि पद संपल्यावर शेजारच्या माणसाला विचारावे, 'या भजनातले युद्ध कोणाशी?' त्यावर गावात जी चर्चा होईल ती कोणत्याही शिबिरातील व्याख्यानापेक्षा मोलाची ठरेल. आष्टीच्या माणसांना नागपंचमीच्या त्या दिवशी हा प्रश्न शांतपणे विचारायला वेळ मिळाला नाही. नंतरच्या पिढ्यांना तो मिळालेला आहे.