नाशिकच्या वाइन-तळघरातून
(फुलसावंगी, जि. यवतमाळ येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



फुलसावंगीत वाइनवर बोलावयाचे म्हणजे आरंभीच एक खुलासा करणे उचित ठरेल. आपल्या जिल्ह्यात माताभगिनींनी दारूबंदीसाठी आंदोलने केली आहेत. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदानेही मादक पेयांना प्रतिबंध करण्याचे तत्त्व शासनापुढे ठेवले आहे. वाइन हे मद्यच होय. तेव्हा त्या पेयाचा पुरस्कार करण्याचा माझा हेतू नाही. शेतमालावर प्रक्रिया कशी होते आणि तीत शेतकऱ्याचे स्थान कोणते, एवढाच माझा विषय आहे.

गेल्या हिवाळ्यात नाशिक परिसरात दोन दिवस राहण्याचा योग आला. खाण्याची द्राक्षे टपोरी, पातळ सालीची व बहुधा बिनबियांची असतात. वाइनची द्राक्षे लहान, जाड सालीची आणि बियांची. घडातील साखर मोजूनच तोडणीचा दिवस ठरतो. तोडणी शक्यतो पहाटेच्या गारव्यात करतात, कारण उन्हात तापलेल्या फळाचा रस लवकर बिघडतो.

कारखान्यात पोलादी टाक्यांच्या रांगा दिसल्या. तेथे यीस्ट नावाचे सूक्ष्मजीव रसातील साखरेचे रूपांतर अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड वायूत करतात. लाल वाइन सालीसह आंबवितात, तिला रंग सालीतूनच येतो. पांढऱ्या वाइनसाठी साल आधीच वेगळी काढतात. पुढे तळघरात ओक लाकडाची पिंपे मंद प्रकाशात व नियंत्रित तपमानात महिनोन्‌महिने ठेवलेली असतात. बुचाच्या बाटल्या आडव्या ठेवतात, म्हणजे बूच ओले राहते व आत हवा शिरत नाही. एका बाटलीस सुमारे एक किलोहून थोडी अधिक द्राक्षे लागतात.

हा उद्योग आपल्या राज्यात फार जुना नाही. १९८० च्या दशकात श्याम चौगुले यांनी नारायणगाव येथे फेसाळत्या वाइनचे उत्पादन सुरू केले. नाशिकजवळ राजीव सामंत यांच्या ‘सुला’ची पहिली वाइन २००० मध्ये आली. २००१ मध्ये शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. विंचूर व पलूस येथे वाइन पार्क उभे राहिले. मात्र २००८ नंतरच्या मंदीत मागणी घटली आणि अनेक बागायतदारांवर वाइनच्या द्राक्षबागा उपटण्याची पाळी आली. वाइनची द्राक्षे खाण्याच्या बाजारात चालत नाहीत. कारखान्याने पाठ फिरविली की मालाला दुसरे गिऱ्हाईक नसते.

मित्रहो, आपणासाठी बोध येथेच आहे. आपल्या भागात वाइनची द्राक्षे लावा, असे मी सुचविणार नाही. आपले पीक कापूस. एक क्विंटल कापसातून साधारणतः ३३ ते ३५ किलो रुई निघते. उरते ती मुख्यतः सरकी, आणि तिच्यापासून तेल व पेंड. एवढी मूल्यवृद्धी होते. परंतु ती गावाच्या वेशीबाहेर. ती गावात आणावयाची, तर मालाचे मोजमाप शेतकऱ्यासमोर झाले पाहिजे, दराचा करार पेरणीपूर्वी लेखी झाला पाहिजे, आणि एकाच खरेदीदारावर सर्वस्व अवलंबून ठेवता कामा नये. ग्रामपंचायतीने हा विषय ग्रामसभेपुढे आणावा आणि शिक्षकांनी वरच्या वर्गातील मुलांना जवळची एखादी जिनिंग दाखवावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.