संपर्क-अधिकारी आणि सोमवारची वाट
(ज्युबिलीनिमित्त धर्मग्रामाच्या सायंसभेंत केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या सभेंत धर्मगुरूनें मंदिराच्या पूर्वेतिहासावर बोलावें, अशी आपली अपेक्षा असणार. तो इतिहास या अंकांत अन्यत्र आला आहे. आम्ही आज निराळाच विषय घेतला आहे, आणि तो कां घेतला हें प्रथम सांगणें आम्हांस प्राप्त आहे.

दोन वर्षांपूर्वीं एका शनिवारीं सायंकाळीं एक वृद्ध विधवा रडत आमच्याकडे आली. पोलिस म्हणविणाऱ्या कोणा इसमानें मोबाईलच्या पडद्यावरून तिला अटकेचा धाक घातला होता, आणि मुलानें आखातांतून पाठविलेली सारी पुंजी तिनें त्याच दुपारीं एका परक्या खात्यांत भरली होती. आम्हीं तिचें सांत्वन केलें, आणि सोमवारीं बँक उघडल्यावर पाहूं, असें सांगितलें. सोमवारीं त्या खात्यांत कांहींच उरलें नव्हतें. आमच्या अज्ञानाची किंमत त्या माउलीनें मोजली. तेव्हांपासून या विषयाचें जें वाचन आम्हीं केलें, त्यांतील थोडें आपणांपुढें ठेवतों.

इंटरपोल ही संस्था १९२३ सालीं व्हिएन्ना येथें जन्मली. आज तिचें मुख्य ठाणें फ्रान्समधील लियों शहरीं असून १९६ देश तिचे सभासद आहेत. सायबर गुन्ह्यांच्या कामासाठीं तिचें एक केंद्र सिंगापूर येथें २०१५ सालीं उघडलें. लोकांची समजूत अशी कीं, इंटरपोलचे शिपाई देशोदेशीं हिंडून चोरांस बेड्या घालतात. तसें मुळींच नाहीं. तेथील संपर्क-अधिकारी हा बहुधा कोणा देशाच्या पोलिसदलानें कांहीं वर्षांकरितां पाठविलेला असतो, आणि परमुलखांत त्यास अटकेचा अधिकार नसतो. त्याचें भांडवल ओळखीचें व विश्वासाचें असतें : कोणत्या देशांत मध्यरात्रीं कोणास उठवावें, कोणता कायदा कोठवर पोंचतो, कोणती विनंती कशी लिहिली असतां ती फेटाळली जाणार नाहीं. न्यायालयांत चालेल असा पुरावा मागावयाचा तर सरकारी पत्रव्यवहार महिनोन्‌महिने चालतो. पैसे मात्र घटकाभरांत तीन देश ओलांडतात. या दोन वेगांच्या मधें तो उभा असतो.

२०२४ च्या जुलै महिन्यांतील गोष्ट पाहा. १५ तारखेस सिंगापूरच्या एका व्यापारी कंपनीस माल पुरविणाऱ्याच्या नांवें ई-मेल आला : यापुढें पैसे तिमोर-लेस्ते येथील नव्या खात्यांत भरावे. पत्त्याच्या अक्षरांत किंचित् फरक होता, तो कोणाच्या ध्यानीं आला नाहीं. १९ तारखेस ४ कोटी २३ लक्ष डॉलर गेले. खऱ्या व्यापाऱ्यास पैसे मिळाले नाहींत, हें २३ तारखेस उघडकीस आलें. सिंगापूरच्या पोलिसांनीं इंटरपोलच्या आय-ग्रिप या तातडीच्या व्यवस्थेमार्फत तिमोरच्या अधिकाऱ्यांस विनंती केली, आणि २५ तारखेस ३ कोटी ९० लक्ष डॉलर अडकवून ठेवल्याची खात्री झाली. पुढें सात जण पकडले गेले व आणखी २० लक्षांहून अधिक रक्कम हातीं आली. (हा तिमोर म्हणजे आपल्यासारख्याच कॅथॉलिकांचा देश, एके काळीं त्याचा कारभार गोव्याहून चाले.)

हें सर्वत्र असें घडतें, असें मात्र कोणी समजूं नये. मे २००० मध्यें मनिला शहरांतून निघालेल्या एका संगणक-विषाणूनें जगभर हाहाकार केला. संशयित सांपडलाही, परंतु फिलिपाइन्समध्यें त्या वेळीं तसा कायदाच नसल्यानें तो सुटला. जेथें कायदा नाहीं, तेथें संपर्क-अधिकाऱ्याची ओळख काय कामाची ?

आपल्याकडे इंटरपोलशीं व्यवहार दिल्लीच्या सी. बी. आय. मार्फत होतो. पण त्या साखळीची पहिली कडी आपल्या घरीं आहे. १९३० हा क्रमांक आम्हीं मंदिराच्या दाराशीं मोठ्या अक्षरांत लिहविला आहे. पैसे गेल्याचें कळतांच, लाज न बाळगतां, तो फिरवावा. कोणास बोलतां येत नसेल तर अपरात्रींही आमचें दार ठोठवावें. आम्ही सोबत बसून तो क्रमांक फिरवूं. सोमवारची वाट पाहावयास आम्ही आतां कोणासही सांगणार नाहीं.