वारसा वाचविण्यासाठी हाक कशी द्यावी?

(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून तुमच्यापैकी काहींना नवल वाटेल. विषय जाहिरातीचा आहे. परंतु ती साबणाची वा सिनेमाची जाहिरात नव्हे. ग्रंथालये, वस्तुसंग्रहालये, जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्था यांनी लोकांपर्यंत कसे पोहोचावे आणि त्यांना आपल्या कामात कसे सामील करून घ्यावे, हा तो विषय होय. अशा संस्थांच्या सभांतून एक तक्रार हमखास ऐकू येते. "काय करणार साहेब, लोकांना कदरच नाही!" मला वाटते, असा निकाल देण्यापूर्वी आपण हाक तरी नीट दिली होती काय, याचा विचार झाला पाहिजे. म्हणून ज्या एका हाकेला साऱ्या जगाने ओ दिली, तिची हकिकत आज तुमच्यापुढे ठेवतो.

ही हकिकत इजिप्त आणि सुदान या देशांतील नूबिया नावाच्या प्रदेशाची आहे. इजिप्तला शेतीसाठी पाणी हवे होते, कारखान्यांसाठी वीज हवी होती. त्यासाठी अस्वान येथे नाईल नदीवर उंच धरण बांधण्याचे ठरले आणि जानेवारी 1960 मध्ये कामास आरंभ झाला. या धरणामुळे सुमारे पाचशे किलोमीटर लांबीचा जलाशय तयार होणार होता आणि नदीकाठची प्राचीन देवळे, किल्ले, कबरी, सारे काही पाण्याखाली जाणार होते. त्यांत अबू सिंबेल येथे डोंगर कोरून घडविलेली, सुमारे 3200 वर्षांपूर्वीची दोन मंदिरेही होती. थोरल्या मंदिराच्या दर्शनी भागावर दुसऱ्या रामसेस राजाचे चार बसलेले पुतळे आहेत. प्रत्येकाची उंची सुमारे वीस मीटर!

इजिप्तने धरण सोडले नाही. भुकेल्या माणसाला दगड दाखवून भागत नाही, हे त्यांना ठाऊक होते. पण वारशावरही पाणी सोडले नाही. सांस्कृतिक खात्याचे मंत्री सरवत उकाशा यांनी पुढाकार घेतला. 1959 साली इजिप्त व सुदान यांनी युनेस्कोकडे मदत मागितली आणि 8 मार्च 1960 रोजी युनेस्कोचे महासंचालक व्हित्तोरिनो व्हेरोनेसे यांनी जगाला जाहीर आवाहन केले.

आता या मोहिमेचे मर्म कशात होते ते पाहू.

पहिली गोष्ट, मागणी अगदी स्पष्ट होती. "संस्कृतीचे रक्षण करा" असे मोघम आवाहन केले असते तर लोकांनी माना डोलावल्या असत्या आणि ते आपापल्या घरी गेले असते. येथे स्थळ ठरलेले होते, संकट ठरलेले होते आणि मुदतही ठरलेली होती. 1964 साली नदीचा प्रवाह वळवून पाणी साठू लागणार, त्याच्या आत हातपाय हलविले पाहिजेत, हे शाळकरी मुलालाही समजत होते. शिवाय स्मारके अनेक असली तरी लोकांच्या डोळ्यांसमोर मुख्यतः एकच चित्र ठेवले गेले: चार विशाल पुतळे आणि त्यांच्या पायाशी चढत येणारे पाणी. शंभर गोष्टींची यादी कुणाच्या ध्यानात राहत नाही; एक चित्र मात्र राहते.

दुसरी गोष्ट, ज्यांच्याकडून मदत हवी त्यांना आधी काही दाखविले गेले. तूतनखामेन या राजाच्या थडग्यातील निवडक 34 वस्तू 1961 पासून अमेरिकेतील शहराशहरांतून फिरल्या. त्यामागे नूबियाविषयी आस्था निर्माण करण्याचा हेतू होता. पुढे 1967 साली पॅरिसमध्ये असेच प्रदर्शन भरले व ते बारा लाखांहून अधिक लोकांनी पाहिले. 1972 साली त्या थडग्याच्या शोधाला पन्नास वर्षे झाली, म्हणून लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पन्नास वस्तू मांडण्यात आल्या. सुमारे सतरा लाख लोक तासन् तास रांगेत उभे राहून त्या पाहून गेले. या प्रदर्शनाचा नफा फिली येथील मंदिरे वाचविण्याकडे वळविण्यात आला. तेव्हा पाहा, तिकीट काढणारा माणूस आपल्या आनंदासाठी येत होता आणि त्याच पैशाने दूरच्या मंदिराचा दगड हलत होता.

तिसरी गोष्ट, संदेश लहान वाहनांवर बसून घरोघर गेला. 1963-64 च्या सुमारास अनेक देशांनी नूबियाच्या स्मारकांची टपाल तिकिटे काढली. युनेस्कोच्या 'कुरियर' मासिकाने वेगवेगळ्या भाषांतून सचित्र मजकूर दिला. तिकिटे जमविणाऱ्या मुलाच्या वहीत रामसेस जाऊन बसला म्हणजे त्या मुलाच्या आईवडिलांनाही विचारावे लागतेच, "हा कोण रे?"

चौथी गोष्ट देण्याघेण्याची. इजिप्तने नुसता हात पसरला नाही. उत्खननास येणाऱ्या देशांना सापडलेल्या वस्तूंपैकी निम्मा वाटा देऊ, असे त्याने जाहीर केले. भरीव मदत करणाऱ्यांना काही लहान मंदिरेही भेट दिली. देबोदचे मंदिर आज माद्रिदमध्ये आहे, देंदूरचे न्यूयॉर्कमध्ये, ताफाचे हॉलंडमधील लायडन येथे. आपल्या देशाचाही यात सहभाग होता. भारतीय पुरातत्त्व खात्याचे पथक बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली नूबियात उत्खननासाठी गेले होते.

परिणाम काय झाला? अबू सिंबेलची मंदिरे करवतीने कापून एक हजाराहून अधिक तुकडे करण्यात आले. काही तुकड्यांचे वजन तीस टनांपर्यंत होते. ते सुमारे 65 मीटर उंच आणि 200 मीटर मागे नेऊन पुन्हा जसेच्या तसे जोडले. 22 सप्टेंबर 1968 रोजी काम पूर्ण झाल्याचा समारंभ झाला. सुमारे चार कोटी डॉलर खर्च आला आणि त्यातला जवळजवळ निम्मा पन्नासएक देशांनी उचलला. फिलीची मंदिरे शेजारच्या बेटावर हलवून 1980 साली मोहीम पुरी झाली. या अनुभवातूनच 1972 चा जागतिक वारसा करार आकाराला आला. त्या कराराखालील यादीत आपली अजिंठा व वेरूळची लेणी 1983 साली दाखल झाली.

मित्रहो, येथपर्यंतची गोष्ट अभिमानाची आहे. पण एवढेच सांगून मी खाली बसलो, तर ते अर्धे सत्य होईल.

त्या नदीकाठी नुसती मंदिरे नव्हती. तेथे नूबियन लोकांची गावे होती. रंगीत भिंतींची घरे, खजुरीच्या बागा, मशिदी आणि वाडवडिलांच्या कबरी होत्या. इजिप्त व सुदान मिळून सुमारे एक लाख माणसे उठविली गेली. इजिप्तमधील नूबियनांना 1963-64 मध्ये कोम ओम्बोकडे नेले, तर सुदानमधील वादी हल्फाच्या लोकांना शेकडो किलोमीटर दूर खश्म अल गिर्बा येथे. नदीच्या काठाने वाढलेली माणसे नदीपासून दूर, सरकारी आखणीच्या एकसारख्या घरांत जाऊन पडली. काही संशोधकांनी त्यांच्या चालीरीतींची नोंद घेतली हे खरे. हम्झा अल् दीन या नूबियन गायकाने आपल्या लोकांची गाणी ऊद या वाद्यावर जगभर पोहोचविली, हेही खरे. परंतु पोस्टरावर आणि तिकिटावर चित्र होते ते रामसेसचे. विस्थापित बाईचे नव्हे. दगडाच्या राजासाठी जग धावले, जिवंत माणसाचा आवाज मात्र क्षीण राहिला. अस्वानला नूबिया संग्रहालय उघडले ते 1997 साली. तेथे नूबियन लोकजीवनाला जागा मिळाली, पण तोवर जुन्या गावांवर तीस वर्षांहून अधिक काळ पाणी उभे होते.

म्हणून परिणामकारक प्रचाराची कसोटी मी दुहेरी मानतो. हाक ऐकू गेली काय, हा पहिला प्रश्न. हाकेत कोणाचे नाव राहून गेले, हा दुसरा. जाहिरात एका वस्तूवर उजेड पाडते, तेव्हा बाजूला अंधारही पडतो. चांगला कार्यकर्ता त्या अंधाराकडेही पाहतो.

आता आपल्याकडे वळू. आपली कपाटे, पेट्या उघडून पाहा. आजोबांच्या हातची उर्दू-फारसी-मराठी कागदपत्रे, जुने करारनामे, शाळेच्या पहिल्या तुकडीचा फोटो, लग्नात गायिली जाणारी गाणी, हा सारा आपला नूबिया आहे. येथे पाणी चढत नाही. वाळवी, दमट हवा आणि विस्मरण मात्र रोज चढत असते. 'जुन्या गोष्टी जपा' असा फलक लावून काही होणार नाही. विद्यार्थ्यांनो, यंदा एकच काम निवडा. समजा, शाळेच्या ग्रंथालयातील पन्नास सर्वांत जुनी पुस्तके वाचवायची. त्यांचा बांधणीखर्च बाइंडरकडून लिहून आणा. कोणत्या महिन्यापर्यंत काम पुरे करायचे ते ठरवा. त्यांतले सर्वांत देखणे पुस्तक काचेच्या पेटीत मांडा आणि पालकांना बोलवा. देणगी मागण्याआधी त्यांना ते पाहू द्या. ज्याने एका पुस्तकाचा खर्च दिला त्याचे नाव त्या पुस्तकात चिकटवा. रुपया देणारा आणि हजार देणारा, दोघांचीही नावे यादीत येऊ द्या. काम झाले की पैन् पैचा हिशेब फळ्यावर लावा. हिशेब दाखविणाऱ्या संस्थेला पुढच्या वर्षी फार ओरडावे लागत नाही.

आणि एक काम पालकांसाठी. घरातील बुजुर्गांना, विशेषतः आजीला, मुलांसमोर बोलते करा. गाव कोणते होते, विहीर कोठे होती, ईदला काय रांधत, ओव्या कोणत्या म्हणत, हे मुलांनी वहीत उतरवून घ्यावे, जमल्यास तिचा आवाजही साठवावा. पुस्तके वाचवाल आणि ती वाचणारी, सांगणारी माणसे विसराल, तर अबू सिंबेलचीच उणीव आपल्याही कामात राहील.

नूबियातील मोहिमेला वीस वर्षे लागली. आपल्या पन्नास पुस्तकांना एक शैक्षणिक वर्ष पुरेल. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत त्या पन्नास पुस्तकांची यादी आणि आजींच्या आठवणी छापून याव्यात, एवढी अपेक्षा व्यक्त करतो.