येशूची गीतं, अभंगाची चाल



१८९३ साल.
नागपूरहून राजनांदगावला निघालेली आगगाडी.
डब्यात कवी नारायण वामन टिळक.
सोबतीला एक गोरा प्रवासी.
गप्पा साहित्यावर रंगल्या.
त्यानं टिळकांच्या हाती बायबलचा नवा करार ठेवला.

दोन वर्षांनी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

मराठी चर्चमध्ये तेव्हा विलायती चालीही गायल्या जात.
अहमदनगरच्या कृष्णा रत्नाजी सांगळे यांनी देशी रागांत गीतं रचली.
टिळकांनी अभंग आणला, ओवी आणली.
तुकोबांचा अभंग, जात्यावरची ओवी!
नाव येशूचं, चाल आपली.
हो, चाल आपलीच.

टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य मात्र अपुरं राहिलं.
१९१९ मध्ये ते गेले.
मग त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई पुढे सरसावल्या.
शाळेची पायरीही न चढलेल्या या कवयित्रीनं ते महाकाव्य पूर्ण केलं.