मुघल चित्रशाळेतील येशू

1580 साली गोव्याच्या जेझुइट पाद्र्यांनी फत्तेपूर सिक्रीत अकबरास अँटवर्पला छापलेले बायबल भेट दिले. बादशहा ख्रिस्ती झाला नाही. परंतु ख्रिस्ती चित्रे त्याच्या चित्रशाळेत पोहोचली. केशवदास, मनोहर या हिंदू चित्रकारांनी मुसलमान बादशहासाठी ख्रिस्ती विषय रंगविले. 1600 साली 13 वर्षांच्या अबुल हसनने ड्यूररच्या छापचित्रावरून संत जॉन रेखाटला.

त्याच वर्षी आपल्या रावेरपलीकडील असीरगडास अकबराचा वेढा पडला होता. छावणीत जेरोम झेवियर हा पाद्रीही होता. 1601 मध्ये गड पडला, खानदेशची फारुकी सल्तनत संपली.

लढाई एकाच धर्माच्या दोन राजांची. देवाणघेवाण मात्र तीन धर्मांची. इतिहासाला धर्मयुद्धाचा रंग फासणाऱ्यांपुढे कार्यकर्त्यांनी हा दाखला ठेवावा.