गोडधोड आणि उष्मांकांचा हिशेब

(संस्थेच्या पालक मेळाव्यात शिरूर अनंतपाळ येथे दिलेल्या भाषणावरून. वाचकांच्या सोयीसाठी थोडा विस्तार केला आहे.)



मी डॉक्टर नाही. बी.ए., बी.एड. झालेला एक साधा शिक्षक आहे आणि आठवी-नववीच्या मुलांना नफातोटा व शेकडेवारी शिकवितो. तेव्हा आज जे सांगणार आहे ते औषधोपचाराचे नसून निव्वळ हिशेबाचे आहे, हे वाचकांनी प्रथम ध्यानात घ्यावे. हा विषय निवडण्याचे कारण असे की आपल्या गावात दर दोन-तीन घरांआड एकाला तरी डॉक्टरांनी "वजन कमी करा, गोड बंद करा" असे सांगितलेले आढळते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहींची संख्या १० कोटी १० लाख, आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची संख्या १३ कोटी ६० लाख असल्याचा अंदाज दिला आहे. उंबरठ्यावरच्या लोकांची चिंता मला अधिक वाटते, कारण त्यांच्या हातात अजून बरेच काही आहे.

"गोड बंद करा" हे वाक्य सांगायला सोपे आहे. परंतु ते ऐकणारा माणूस ईदला कोठे जाणार? वलीम्याच्या पंगतीत काय करणार? शेजारच्या पाटलांकडून वेळ अमावास्येला शेतात जेवायला बोलावणे आले तर नाही कसे म्हणणार? आपल्याकडे गोड हा केवळ जिभेचा विषय नाही, तो नात्यागोत्याचा विषय आहे. म्हणून गोड पूर्ण बंद न करता ते हिशेबात कसे बसवावे, हे पाहू या.

अन्नातून मिळणारी शक्ती उष्मांकांत मोजतात. एक ग्रॅम साखर किंवा पिष्टमय पदार्थ म्हणजे सुमारे ४ उष्मांक, प्रथिनांचेही तेवढेच, आणि एक ग्रॅम तूप-तेलाचे ९. हे तीन आकडे ज्याला पाठ झाले त्याला पुढचे सर्व गणित करता येईल. चहाचा सपाट चमचा म्हणजे ५ ग्रॅम साखर, अर्थात २० उष्मांक. तेवढाच चमचा तूप म्हणजे ४५. पन्नास ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी सुमारे १७०. बैठे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २११० व स्त्रीला १६६० उष्मांक लागतात, असे याच परिषदेने २०२० साली ठरविले. वजन उतरवायचे असेल तर यातून रोज साधारण चारशे-पाचशे कमी करतात. म्हणजे स्त्रीच्या वाट्याला बाराशेच्या आसपास येतात. बाराशे हा काही मोठा आकडा नव्हे, आणि त्यातच घरची भाजी-भाकरी, दूध, डाळ बसवायची आहे.

आता साखरेची मर्यादा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली असे सुचविले की वरून घातलेली साखर, गूळ, मध व फळांचा रस यांतून मिळणारे उष्मांक एकूण उष्मांकांच्या शेकडा दहापेक्षा कमी असावेत, आणि पाचपेक्षा कमी ठेवता आले तर अधिक चांगले. बाराशेचे पाच टक्के म्हणजे ६०, म्हणजे तीन चमचे साखर. दिवसाला तीन, आठवड्याला एकवीस. हे एकवीस चमचे म्हणजे आपली आठवड्याची शिल्लक समजा. ती कोठे खर्च करायची ते ज्याने त्याने ठरवावे. मला स्वतःला रोजच्या मर्यादेपेक्षा आठवड्याचे अंदाजपत्रक अधिक व्यवहार्य वाटते, कारण सण रोज येत नाहीत.

परंतु ही शिल्लक आपण खरोखर कशावर उडवितो? वाचकहो, येथे थोडे थांबा आणि कालच्या दिवसाचे चहा मोजा. सकाळी उठल्यावर एक, नाश्त्याबरोबर एक, शाळेत किंवा दुकानात एक, कोणी भेटले म्हणून हॉटेलात एक, संध्याकाळी एक. प्रत्येक कपात दोन चमचे धरले तर दहा चमचे, ५० ग्रॅम साखर, २०० उष्मांक. महिन्याला दीड किलो! आणि आपल्याकडील चमचा सपाट नसतो, तो शिगोशीग असतो. या साखरेची आठवणही राहत नाही. चहा गोड होता असे कोणी घरी येऊन सांगत नाही. ज्या साखरेने ना सण साजरा झाला, ना पाहुण्याचा मान राहिला, त्या साखरेपायी आठवड्याची शिल्लक दोन दिवसांत संपते आणि मग ईदच्या वाटीभर शिरखुर्म्यावर सर्व दोष येतो. हे मला अन्यायाचे वाटते.

म्हणून पहिला खर्च येथे कमी करावा. दोन चमच्यांवरून एकदम शून्यावर येऊ नये, घरात भांडण होते. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करावा. महिन्या-दीड महिन्यात जीभ सरावते आणि पूर्वीचा चहा पाकासारखा लागू लागतो. दिवसाला दोन कप, प्रत्येकी एक चमचा, एवढ्यावर आले तर आठवड्याला चौदा चमचे गेले आणि सात हाती उरले. या सात चमच्यांत एखादी वाटी खीर आणि एखादा लाडू सन्मानाने बसतो.

आता सणाच्या पदार्थांकडे वळू. शिरखुर्म्याची लहान वाटी घ्या. ८० मिलिलिटर म्हशीचे दूध ८५, दोन चमचे साखर ४०, दहा ग्रॅम शेवया ३५, एक चमचा तूप ४५, दहा ग्रॅम काजू-बदाम-चारोळी ६०, एक खारीक २०. बेरीज २८५. एका वाटीला काही हरकत नाही. पण ईदच्या दिवशी आपण एकाच घरी जातो काय? सहाव्या घरी स्त्रीचा आणि आठव्या घरी पुरुषाचा संपूर्ण दिवसाचा शिधा उरकतो, आणि दुपारची बिर्याणी अजून व्हायचीच असते. तीच वाटी कमी सायीच्या दुधाची, एक चमचा साखरेची, पाव-अर्ध्या चमचा तुपात परतलेल्या शेवयांची आणि निम्म्या सुक्यामेव्याची केली तर १६५ च्या घरात येते. चवीत फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो आपल्या मनात, की पाहुणे काय म्हणतील.

पुरणपोळीचेही असेच. तीस ग्रॅम हरभरा डाळ, तीस ग्रॅम गूळ, पंचवीस ग्रॅम कणीक आणि वर एक चमचा तूप. सुमारे साडेतीनशे. म्हणजे दोन भाकरी. ज्या दिवशी पोळी खायची त्या दिवशी ताटातील दोन भाकरी उतरवाव्यात, पोळी भाकरीच्या जागी यावी, भाकरीच्या डोक्यावर बसू नये. वेळ अमावास्येला लातूर-धाराशिवकडे शेतात जे जेवण होते त्यात मला नेहमी शहाणपण दिसते. गव्हाची खीर आणि तिळाची पोळी असते खरी, पण तिच्याबरोबर डाळी-भाज्यांची भज्जी आणि आंबील असते. पोट भाजी-डाळीने आधीच भरते, खिरीला जागा मर्यादित राहते. रिकाम्या पोटी गोड खाल्ले तर रक्तातील साखर झपाट्याने चढते. डाळ-भाजीनंतर खाल्ले तर तितक्या वेगाने चढत नाही. आपल्या लग्नांत मात्र पुष्कळदा गोडाचा घास पहिला भरवितात.

बासुंदीविषयी एक शब्द. दूध आटते तेव्हा केवळ पाणी जाते, उष्मांक आटत नाहीत. पाव लिटर म्हशीच्या दुधाची वाटीभर बासुंदी झाली तर त्या पाव लिटरचे अडीचशेहून अधिक उष्मांक त्या वाटीतच आहेत, साखर वेगळी. खव्याच्या मिठाईला हाच नियम. "चालून जिरवू" म्हणणाऱ्यांनी असे धरावे की साठ किलोच्या माणसाला एक किलोमीटर चालण्याने पन्नास-साठ उष्मांक खर्च होतात. एका गुलाबजामला, त्याचे दीडशे धरले तर, तीन किलोमीटर झाले. चालावे जरूर, जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालण्याने साखर आटोक्यात राहण्यास मदत होते; पण चार गुलाबजामची भरपाई पायांवर टाकू नये.

गूळ आणि मध यांना आपण फार सवलत देतो. शंभर ग्रॅम साखरेचे ४००, तर गुळाचे सुमारे ३८०. गुळात थोडी खनिजे असतात हे खरे, पण रक्ताला त्यातील साखर साखरच वाटते. खजुराची गोष्ट थोडी वेगळी आहे, त्यात तंतू असतात. तरी एका लहान खजुराचे वीसेक उष्मांक होतातच. रमजानमध्ये रोजा सोडताना दोन-तीन खजूर पुरेसे आहेत. त्यानंतर सरबताचा मोठा पेला आणि भजी यांनी हिशेब बिघडतो, खजुराने नव्हे. "शुगर फ्री" मिठाईच्या डब्यावर विसंबून राहू नये. साखर नसली तरी खवा आणि तूप असतेच. शिवाय साखरेऐवजीच्या कृत्रिम गोडीवर वजन उतरविण्यासाठी अवलंबून राहू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितले आहे. हा सल्ला आधीपासून मधुमेह असलेल्यांसाठी नव्हता. त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

संपूर्ण बंदीने काय होते ते मी घरात पाहिले आहे. माझ्या आईला २०१९ साली साखर वाढल्याचे निदान झाले आणि सात किलो वजन उतरविण्यास सांगितले. घरात गोडाला बंदी झाली. मग तिने लग्नांना जाणे सोडले. ईदला पाहुणे आले की ती आतल्या खोलीत बसे. सख्ख्या बहिणीकडे ती तीन महिने गेली नाही, कारण तेथे गेले की "थोडा तो चखो" असा आग्रह होणार, आणि नाही म्हटले की बहिणीचे डोळे भरणार. पुढे एकदा तिच्या पदराच्या टोकाला बांधलेला गुळाचा खडा सापडला. साठीची बाई, चार नातवंडांची आजी, आणि लहान मुलासारखे लपवून खाते आहे, हे पाहून घरात कोणी काही बोलले नाही. नंतर आहारतज्ज्ञ बाईंनी तिला डॉक्टरांच्या संमतीने आठवड्यातून दोनदा ठरावीक गोड लिहून दिले, शुक्रवारी आणि आणखी एका दिवशी, तिच्या निवडीचे, आणि त्या दिवशी एक भाकरी कमी. आईने त्यासाठी कपाटातून सर्वांत लहान चिनी मातीची वाटी काढली. वर्षभरात चार किलो वजन उतरले. सात नाही उतरले, गोळ्याही सुरू आहेत. पण ती बहिणीकडे जाते, आणि वाटी बरोबर नेते.

येथे यजमानांना दोन शब्द सांगणे भाग आहे. आग्रह हा आपल्या मराठवाड्याचा गुण आहे असे आपण मानतो. समोरचा "पुरे" म्हणत असता त्याच्या ताटात तिसरा गुलाबजाम टाकणे याला मी आता गुण म्हणण्यास तयार नाही. ईदला लहान वाट्या काढाव्यात, दोन घास दिले तरी मान राहतो. आणि घरातील स्त्रियांनी "टाकून कसे द्यायचे" म्हणून मुलांच्या वाटीत उरलेली खीर संपवू नये. या उरल्यासुरल्याचे उष्मांक कोणी मोजत नाही, आणि वजन वाढले की दोष मात्र तिलाच.

आपण सडपातळ आहोत, आपल्याला काय, असे समजणाऱ्यांसाठी पुण्याचे एक उदाहरण देतो. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापले गेले. उंचीच्या मानाने वजन मोजण्याचा निर्देशांक, ज्याला बॉडी मास इंडेक्स म्हणतात, तो दोघांचाही २२.३. पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपण भारतीय लोक वरून बारीक दिसतो आणि आतून चरबी साठवितो. म्हणून आपल्यासाठी हा निर्देशांक २३ पासूनच जास्त धरतात, आणि कंबर पुरुषाची ९० व स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या आत असावी असे सांगतात. शिंप्याची टेप घरोघरी असते. आज घरी गेल्यावर मोजून पाहा.

मुलांबद्दल मला शिक्षक म्हणून बोलले पाहिजे. मधल्या सुट्टीत शीतपेयाची पाव लिटरची बाटली पिणारा मुलगा सुमारे २६ ग्रॅम, म्हणजे पाच चमच्यांहून अधिक साखर घेतो. घरी त्याच्या आईने पाच चमचे साखर वाटीत काढून खायला दिली असती काय? केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने मे २०२५ मध्ये आपल्या शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावण्यास सांगितले. आपली शाळा त्या मंडळाची नसली तरी फलकाला कोणाची मनाई नाही. प्रयोगशाळेतील तराजूवर मुलांनीच बिस्किटे, चॉकलेट, सरबत यांतील साखर तोलून लहान पिशव्यांत भरावी आणि फलकावर टांगावी, असा विचार आहे. पाकिटावर दर शंभर ग्रॅमला किती साखर ते छापलेले असते, त्रैराशिकाचा सराव आपोआप होईल.

एक सूचना अतिशय महत्त्वाची आहे. जे इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेतात त्यांनी हा हिशेब आपल्या डॉक्टरांना दाखविल्याशिवाय जेवण कमी करू नये, उपवास किंवा रोजा धरण्यापूर्वीही विचारावे. अशा माणसाला अचानक घाम सुटला, हात थरथरू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली, बोलणे असंबद्ध झाले, तर साखर खाली गेलेली असू शकते. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून ताबडतोब द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, गरज पडल्यास पुन्हा द्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, सरळ दवाखाना गाठावा. अशा घरात साखरेचा डबा कुलपात ठेवू नये. तो हाताशी, आणि घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असेल अशा जागी ठेवावा.