आघाताचे भान आणि मार्गदर्शकाची मर्यादा
(नाशिक रोड येथे भरलेल्या समुपदेशक व विकास-मार्गदर्शकांच्या मेळाव्यातील अध्यक्षीय भाषण)



व्यक्तिमत्त्व विकासाच्या मार्गदर्शकाकडे येणारा माणूस बहुधा पुढचे काही मागायला येतो. बढती, चारचौघांत बोलण्याचे धैर्य, मोडलेल्या संसारानंतरची नवी घडी. मागे काय घडले ते तो सांगत नाही आणि पुष्कळदा त्याला ते नेमके सांगताही येत नाही. समोरच्याने अपघात, हिंसा, अत्याचार, जिवलगाचा अकाली मृत्यू किंवा बालपणीची दीर्घ उपेक्षा सोसलेली असू शकते, हे धरून चालून ज्या मार्गदर्शनात बोलण्याची, बसण्याची आणि प्रश्न विचारण्याची रीत ठरवली जाते, त्याला आघातभान राखणारे मार्गदर्शन म्हणतात. घटना संपून वर्षे लोटली तरी शरीर तिच्या धाकात राहते, झोप उडते, साध्या आवाजाने दचकायला होते, काही रस्ते आणि काही माणसे टाळली जातात. हा जो परिणाम उरतो त्याला येथे आघात म्हटले आहे.

नाशिक रोडच्या परिसराला हा विषय परका नाही. जवळच्या देवळालीच्या लष्करी छावणीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मायदेशी निघालेले ब्रिटिश सैनिक जहाजाची वाट पाहत महिनोन्महिने अडकून पडत, आणि उन्हाळा, ताप व रिकामपण यांत त्यांच्यापैकी काहींची मने अशी ढासळत, की सैनिकी बोलीत त्या छावणीचे नावच वेडाशी जोडले गेले. त्या नावात चेष्टा होती, उपचार नव्हता. पुढे पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरांनी 'शेल शॉक' ही संज्ञा वैद्यकीय नियतकालिकात मांडली, तरी आघातोत्तर ताणविकृती, म्हणजे पीटीएसडी, हे निदान अमेरिकन मनोविकार संघटनेच्या अधिकृत सूचीत यायला १९८० उजाडले. अलीकडचे उदाहरण आणखी जवळचे आहे. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या महापालिका रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागून किमान २२ रुग्ण दगावले. त्यांच्या घरची माणसे याच शहरात नोकऱ्या करतात, मुलांना क्लासला सोडतात आणि एखाद्या विकास-शिबिरात शेवटच्या रांगेत बसलेलीही असू शकतात.

अशा माणसाने मार्गदर्शकाकडून काय अपेक्षावे, हा या भाषणाचा प्रश्न आहे. अमेरिकेच्या व्यसन व मानसिक आरोग्य सेवा प्रशासनाने २०१४ मध्ये आघातभानाची सहा तत्त्वे सांगितली, त्यांत सुरक्षितता, पारदर्शकता, समदुःखितांचा आधार, सहकार्य, स्वतःचा निर्णय स्वतः घेण्याचा अधिकार आणि संस्कृती व लिंगभाव यांची जाण या बाबी येतात. कागदावर ती सोज्वळ वाटतात. व्यवहारात त्यांचा अर्थ पुष्कळ साधा असतो. पहिल्या भेटीत शुल्क, कालावधी, गुप्ततेची हद्द आणि ती हद्द कोणत्या प्रसंगी मोडावी लागेल हे सांगितले जावे, दाराकडे पाठ करून बसण्याची सक्ती नसावी, डोळे मिटण्याचा आग्रह नसावा, कोणत्याही प्रश्नाचे उत्तर न देता पुढे जाता यावे आणि बोलताना श्वास चढला किंवा माणूस एकाएकी सुन्न झाला, तर विषय बाजूला ठेवून त्याला पायाखालची फरशी, खोलीतले आवाज, हातातला पाण्याचा पेला यांच्या आधाराने वर्तमानात आणले जावे. या शेवटच्या क्रियेला स्थिरीकरण म्हणतात.

याच्या नेमके उलट वागणारी शिबिरे महाराष्ट्रात कमी नाहीत. शंभर अनोळखी लोकांसमोर एखाद्याला व्यासपीठावर बोलावून वडिलांची आठवण काढायला लावणे, तो रडला की दिवे मंद करून संगीत वाढवणे आणि त्या रडण्याला परिवर्तन असे नाव देणे हा प्रकार सभ्य शब्दांत बेजबाबदार आहे. त्यामागे असा समज असतो, की दडपलेले एकदा बाहेर पडले की माणूस मोकळा होतो. आपत्तीनंतर लगेच एकाच बैठकीत सर्व अनुभव वदवून घेण्याची पद्धत एकेकाळी प्रतिष्ठित होती. परंतु २००२ च्या कॉक्रेन आढाव्यात तिने ताणविकृती टळत असल्याचा पुरावा आढळला नाही, उलट काहींना अपाय होण्याची शक्यता दिसली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मानसिक प्रथमोपचार पुस्तिकेतही आपद्ग्रस्ताला बोलण्यास भाग पाडू नये असेच सांगितले आहे.

सांगण्याची रीत किती महत्त्वाची असते, याचे उदाहरण मराठी वाचकाच्या घरातच आहे. साने गुरुजींनी 'श्यामची आई' या पुस्तकाचा बराचसा भाग १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या कारागृहात लिहिला. दारिद्र्य, अपमान आणि आईचा मृत्यू यांच्या आठवणी त्यात आहेत, पण त्यांची मांडणी रात्रींची आहे. प्रार्थनेनंतर ओळखीच्या माणसांत श्याम एका रात्री एक आठवण सांगतो, कोठे थांबायचे ते तोच ठरवतो आणि सर्वांत मोठे दुःख अखेरीकडे येते. मात्रा, सोबत आणि वेगावरचा ताबा ही तिन्ही पथ्ये तेथे सहज पाळली गेली आहेत. अर्थात या उदाहरणाला भाबडेपणाने उचलणेही योग्य नाही, कारण एवढे सांगू शकलेल्या गुरुजींनी १९५० मध्ये आत्महत्या केली. सांगण्याने, लिहिण्याने माणूस सावरतोच असे नाही, आणि जेथे सावरत नाही तेथे स्नेह व सदिच्छा यांच्यापलीकडची मदत लागते.

विकास-मार्गदर्शकाची हद्द येथे येते. भारतात चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते आणि मनोविकारतज्ज्ञ तर वैद्यकीय पदवीधरच असतो. 'कोच' ही पाटी लावायला मात्र कोणताही परवाना लागत नाही. म्हणून प्रामाणिक मार्गदर्शक निदान करीत नाही, औषधे बंद करायला सांगत नाही, जुन्या आघाताची चिकित्सा अंगावर घेत नाही. रात्रीमागून रात्री दुःस्वप्ने, मद्याचा वाढता आधार किंवा जीव नकोसा झाल्याचे बोलणे दिसताच तो तज्ज्ञाकडे पाठवतो, आणि उपचार सुरू असताना त्या तज्ज्ञाच्या संमतीने दैनंदिन उद्दिष्टांपुरते काम चालू ठेवतो.

वाढीबद्दलही एक सावधगिरी हवी. रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून यांनी १९९० च्या दशकात आघातोत्तर वाढ ही कल्पना मांडली. संकटाशी झगडताना काहींची नाती घट्ट होतात, जगण्याचा क्रम बदलतो, असे त्यांचे निरीक्षण होते. या निरीक्षणाचे शिबिरांतून कर्तव्य बनवले गेले आहे. ज्याचे मूल गेले त्याला त्यातून काय शिकलात असे विचारणे क्रूरपणाचे आहे. वाढ झाली तर तिचे स्वागत करावे; न झाली तर माणूस नापास ठरत नाही, आणि वेळेवर जेवणे, कामावर जाणे, शेजाऱ्याशी दोन शब्द बोलणे एवढे साधले तरी ते पुरेसे मानावे.

या मेळाव्यातील प्रत्येक मार्गदर्शकाने येथून परतल्यावर पहिल्या भेटीचा छापील कागद तयार करावा, त्यावर आपले शिक्षण आणि आपण काय करीत नाही हे स्पष्ट लिहावे, नाशिकमधील दोन तज्ज्ञांची नावे त्यांच्या परवानगीने द्यावीत आणि खाली केंद्र शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक ठळक अक्षरांत छापावा, अशी विनंती आहे.